स्ट्रिंग व्ह्यू आणि स्पॅन: सी++ मधल्या बिनमालकीच्या दोन हत्यारांचा रिव्ह्यू

सी++१७ ने मजकुराकडे बघणारा स्ट्रिंग व्ह्यू दिला, सी++२० ने कुठल्याही घटकांच्या सलग रांगेकडे बघणारा स्पॅन. दोघांच्या पोटात तेच: एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, आणि एक लांबी. ६४-बिट मशीनवर ८ अधिक ८, म्हणजे १६ बाइट्स. मेमरी कोणाची, ती कधी सुटणार, हे दोघांनाही ठाऊक नसतं आणि त्यांना विचारायची सोयही नाही. सातबारा दुसऱ्याच्या नावावर, हे नुसते बांधावर उभे राहून शेत बघणार. शेत विकलं गेलं तरी हे तिथेच उभे.

निकाल आधीच सांगून टाकू. फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये दोन्ही बिनधास्त वापरावेत. क्लासच्या मेंबरमध्ये, कंटेनरमध्ये किंवा रिटर्न टाइपमध्ये यांतलं काही दिसलं, की थांबून मालक कोण ते बोट ठेवून दाखवता येतं का बघावं. नाही दाखवता आलं तर सरळ स्ट्रिंग किंवा व्हेक्टर घ्यावा. एका कॉपीने आकाश कोसळत नाही. पाचापैकी गुण द्यायचे तर स्पॅनला चार, स्ट्रिंग व्ह्यूला साडेतीन. वरचा अर्धा गुण का कापला ते टर्नरीपाशी (‘हे असेल तर ते, नाहीतर दुसरं’ या एका ओळीतल्या रचनेपाशी) येईल.

आधी फायद्याचं. जुनी पद्धत म्हणजे पॅरामीटर कॉन्स्ट स्ट्रिंग रेफरन्स ठेवायचा. दिसायला फुकट. पण कोणी अवतरण चिन्हातला मजकूर थेट दिला, की आधी एक तात्पुरती स्ट्रिंग बांधली जाते. मजकूर छोटा असेल तर तो स्ट्रिंगच्या स्वतःच्या पोटातच मावतो: जीसीसी कंपायलरच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत १५ बाइट्सपर्यंत, क्लँग कंपायलरबरोबर येणाऱ्या लिबसी++ मध्ये २२ पर्यंत. त्यापुढे हीपवर अलोकेशन, म्हणजे चालू प्रोग्रॅमने वेगळी मेमरी मागून घेणं. रोमन लिपीला हे ऐसपैस वाटतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स खातं, आणि काना, मात्रा, उकार, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘पुणे’ म्हणजे ४ चिन्हं, १२ बाइट्स. ‘मुंबई’ बरोबर १५, काठोकाठ. ‘नागपूर’ १८, म्हणजे जीसीसीकडे हीपवर आणि लिबसी++ मध्ये पोटात. ‘कोल्हापूर’ २७, दोन्हीकडे हीपवर. हे चार आकडे पुढे लागणार आहेत.

स्ट्रिंग व्ह्यू घेतला की हा सगळा खर्च जातो. मजकूर कुठून का येईना, फंक्शनला १६ बाइट्स मिळतात. त्याहून मोठी कमाई तुकडे पाडताना होते. स्ट्रिंगचं सबस्ट्र दर वेळी नवी स्ट्रिंग बनवतं. व्ह्यूचं सबस्ट्र फक्त पॉइंटर पुढे सरकवतं आणि लांबी बदलतं. हजार तुकडे पाडा, अलोकेशन शून्य.

एक अपवाद पहिल्याच दिवशी शिकून घ्यावा. फंक्शनला तो मजकूर शेवटी स्वतःकडे ठेवायचाच असेल, जसं कन्स्ट्रक्टरला, तर व्ह्यू घेऊ नये. स्ट्रिंग व्हॅल्यूने घ्यावी आणि मूव्ह करावी, म्हणजे कॉपी न करता आतला मजकूर नव्या मालकाकडे द्यावा. व्ह्यू घेतला तर कॉलरकडे टाकून द्यायची स्ट्रिंग तयार असूनही आत पुन्हा कॉपी होते.

एक ओळ, ५१ बाइट्स

कॉन्फिग फाइलमधली एक ओळ घेऊ: नाव=पुणे;भाषा=मराठी. यूटीएफ-८ मध्ये ५१ बाइट्स. ‘नाव’ ९ बाइट्स घेतं, ‘बरोबर’चं चिन्ह ९व्या जागी (मोजणी शून्यापासून), ‘पुणे’ १० ते २१, अर्धविराम २२ वर. ‘पुणे’चा व्ह्यू काढला तर त्याच्याकडे ओळीतल्या १०व्या बाइटचा पत्ता आणि १२ ही लांबी असते. बस्स. शेवटी शून्य बाइट नाही, कारण तिथे अर्धविराम बसलाय आणि तो हलवायचा अधिकार व्ह्यूला नाही.

म्हणून हा व्ह्यू डेटा() करून प्रिंटएफच्या टक्का-एसला दिला तर पडद्यावर येतं ‘पुणे;भाषा=मराठी’. प्रिंटएफ शून्य बाइट दिसेपर्यंत थांबत नाही. उपाय आहे: टक्का-बिंदू-तारा-एस हा फॉरमॅट, त्याला आधी लांबी इंटमध्ये कास्ट करून द्यायची, मग पॉइंटर. एफओपनसारख्या सी फंक्शनला मात्र असली सोय नाही. तिथे मुकाट्याने स्ट्रिंग बनवून सी_स्ट्र() द्यावी. या चुकीचा त्रास असा की टेस्टमध्ये ती सापडत नाही. टेस्टमधले व्ह्यू बहुतेकदा अख्ख्या लिटरलवर (कोडमध्ये अवतरण चिन्हात लिहिलेल्या मजकुरावर) असतात आणि त्यांच्यामागे शून्य बाइट असतोच. तुकडा पाडलेला व्ह्यू आला की मग दात दिसतात.

आकड्यांसाठी एटीओआयच्या वाटेला जाऊच नये. फ्रॉम_चार्स सुरुवात आणि शेवट असे दोन पॉइंटर घेतो, अलोकेशन करत नाही, लोकॅल बघत नाही आणि चूक झाली तर एरर कोड देतो, व्ह्यूसाठीच बेतल्यासारखा. फक्त तो आधीची मोकळी जागा गाळत नाही आणि अधिकचं चिन्हही चालवून घेत नाही, ते आपण आधी काढायचं. दशांश संख्यांसाठी जीसीसी ११ किंवा पुढचा लागतो. देवनागरी अंक यातल्या कोणालाच कळत नाहीत, ते वेगळं.

आता ओळ फोडणारा लूप. सगळे तो असा लिहितात: अर्धविराम शोधा, तिथपर्यंतचा तुकडा घ्या, मग सापडलेल्या जागेत १ मिळवून तेवढं रिमूव्ह_प्रीफिक्सने उडवा, व्ह्यू रिकामा होईपर्यंत चालू ठेवा. शेवटच्या तुकड्यानंतर अर्धविराम नसतो. फाइंड तेव्हा एनपॉस देतो, म्हणजे साइझ_टीची सर्वांत मोठी किंमत. तीत १ मिळवला की होतं शून्य. शून्य बाइट्स उडवले, व्ह्यू आहे तसाच, लूप फिरतोय आणि ‘भाषा=मराठी’ अनंतकाळ मिळतंय. क्रॅश नाही, एरर नाही. एक कोअर शंभर टक्क्यांवर. एनपॉस आला तर तुकडा घेऊन थेट बाहेर पडायचं, ही ओळ आधी लिहावी आणि बाकीचा लूप नंतर.

उलट बाजूने, रिमूव्ह_प्रीफिक्सला लांबीहून मोठा आकडा दिला तर अनडिफाइंड बिहेवियर, म्हणजे काय होईल याची भाषा हमी देत नाही. सबस्ट्रला सुरुवातीची जागा लांबीबाहेरची दिली तर तो एक्सेप्शन फेकतो. एकाच क्लासच्या दोन फंक्शनांत एक तपासतं, दुसरं नाही. पाहुण्याला कसं कळावं?

आणि लांबी म्हणजे बाइट्स, अक्षरं नव्हेत. ‘पुणे’मधून सबस्ट्र(०, ४) घेतलं तर ‘प’ आणि उकाराचा पहिला बाइट हाती लागतो, म्हणजे मोडकं यूटीएफ-८. सबस्ट्र(०, ३) घेतलं तर यूटीएफ-८ शुद्ध, पण ‘पु’चा ‘प’ झाला. स्क्रीनवर नाव १० अक्षरांत बसवायचं असल्या कामाला व्ह्यू नको, आयसीयूसारखी युनिकोडची लायब्ररी घ्या. अर्धविराम, स्वल्पविराम, बरोबर अशा आस्की खुणांवर फोडणं मात्र पूर्ण सुरक्षित, कारण यूटीएफ-८ मधल्या अनेक-बाइटी चिन्हाचा कुठलाही बाइट १२८ पेक्षा लहान नसतो.

मालक गेला, व्ह्यू राहिला

सरळसोट चूक सगळ्यांना माहीत असते: दोन स्ट्रिंगा जोडून येणारी तात्पुरती स्ट्रिंग व्ह्यूत ठेवली, ओळ संपली, स्ट्रिंग मेली. क्लँग यावर न सांगताच इशारा देतो.

वरचा अर्धा गुण कापला तो पुढच्या प्रकारासाठी. समजा लिहिलंय की नाव रिकामं असेल तर ‘अनामिक’ हे लिटरल, नाहीतर नाव, आणि टर्नरीचं उत्तर व्ह्यूत. नाव ही जिवंत स्ट्रिंग, लिटरल तर प्रोग्रॅम संपेपर्यंत राहणार. दोन्ही बाजू सुरक्षित, मग भानगड कुठली? टर्नरीला दोन्ही बाजूंचा एकच टाइप हवा असतो. एकीकडे स्ट्रिंग, दुसरीकडे कॅरॅक्टर पॉइंटर, तर समान टाइप ठरतो स्ट्रिंग, तोही तात्पुरत्या कॉपीच्या रूपात. व्ह्यू त्या कॉपीकडे बघतो आणि अर्धविरामापाशी कॉपी नाहीशी होते. उपाय: दोन्ही बाजू आधी उघडपणे स्ट्रिंग व्ह्यूमध्ये बदलाव्यात, किंवा गुमान इफ-एल्स लिहावं. स्ट्रिंगमधून व्ह्यू न विचारता बनतो, व्ह्यूमधून स्ट्रिंग बनवायला मात्र स्पष्ट लिहावं लागतं. धोक्याची दिशा उघडी आणि खर्चाची दिशा बंद, असं सी++ चं स्टँडर्ड ठरवणाऱ्या कमिटीने ठेवलंय. सोयीसाठी केलं, पण किंमत इथे वसूल होते.

त्याहून बेरकी प्रकार गेटलाइनचा. फाइल एकेका ओळीने वाचताना एकच ‘ओळ’ नावाची स्ट्रिंग दर फेरीत वापरली जाते. प्रत्येक ओळीतून काढलेला व्ह्यू कोणी व्हेक्टरमध्ये साठवला, तर दुसऱ्या फेरीनंतर पहिला व्ह्यू दुसऱ्या ओळीचा मजकूर दाखवायला लागतो. मेमरी जिवंतच आहे, बफर तोच आहे, फक्त मजकूर बदललाय. ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन, इथे गप्प बसतो, कारण त्याच्या दृष्टीने काहीच गैर घडलेलं नाही. अधूनमधून एखादी लांब ओळ येते, स्ट्रिंग मोठ्या बफरवर जाते, तेव्हा जुने व्ह्यू सोडलेल्या मेमरीकडे बघू लागतात आणि मग सॅनिटायझर ओरडतो. छोट्या सॅम्पल फाइलवर टेस्ट हिरवी, खऱ्या फाइलवर लाल, याचं कारण हे. अख्खी फाइल एका बफरमध्ये वाचून मग व्ह्यू काढले तर हा प्रश्नच उरत नाही.

आता ती चार गावं. स्ट्रिंगांचा एक व्हेक्टर, व्ह्यूंचा दुसरा. लूपमध्ये गाव पुश करायचं आणि लगेच शेवटच्या गावाचा व्ह्यू दुसऱ्या व्हेक्टरमध्ये टाकायचा. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, आणि पाचवं सातारा. जीसीसीत आणि लिबसी++ मध्ये व्हेक्टरची क्षमता १, २, ४, ८ अशी वाढते; दर वाढीला जुन्या स्ट्रिंगा नव्या जागी मूव्ह होतात आणि जुनी जागा सोडली जाते. हीपवरची स्ट्रिंग मूव्ह झाली तर व्यवहारात फक्त पॉइंटर हलतो, अक्षरं जागेवर राहतात. पोटातली स्ट्रिंग मूव्ह झाली तर अक्षरंच नव्या घरी जातात.

म्हणून पाचही गावं भरून झाल्यावर जीसीसीत ‘पुणे’ आणि ‘मुंबई’चे व्ह्यू मेलेले, ‘नागपूर’ आणि ‘कोल्हापूर’चे ठणठणीत. तोच कोड लिबसी++ वर बांधला तर ‘नागपूर’ही मेलेला. ‘सातारा’ दोन्हीकडे शाबूत, पण तो शेवटी आला आणि अजून हलला नाही म्हणून. बग रिपोर्ट येतो तो असा: “काही गावांची नावं बिघडतात, लांब नावं बरोबर येतात.” आणि बघणारा एन्कोडिंगच्या मागे लागतो.

बिघडलेलं दिसतं कसं, तेही बघण्यासारखं. जीसीसीच्या लायब्ररीत पोटातली स्ट्रिंग मूव्ह केली की मूळ स्ट्रिंग रिकामी केली जाते, म्हणजे तिचा पहिला बाइट शून्य होतो. ‘प’च्या तीन बाइट्सपैकी पहिला गेला, उरले दोन अनाथ बाइट्स आणि मागे ‘ुणे’. पडद्यावर प्रश्नचिन्हाचे चौकोन आणि त्यांना लटकलेला उकार. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर पुढच्याच क्षणी सोडायच्या जागेत शून्य कशाला लिहायचं म्हणून कंपायलर ते लिखाण गाळू शकतो, आणि मग ‘पुणे’ अगदी बरोबर छापलं जातं. मध्येच त्या मापाचं दुसरं अलोकेशन झालं तर ती जागा तिकडे जाते आणि तिसरंच काहीतरी दिसतं. डीबग बिल्डमध्ये बिघाड, रिलीझमध्ये ठीक: नेहमीच्या उलट.

दुरुस्तीचे मार्ग तीन. गावं आधी पूर्ण भरून घ्या, व्ह्यू नंतर काढा; हा सर्वांत साधा. किंवा व्हेक्टरऐवजी डेक घ्या, त्याच्या शेवटी भर घातल्याने आधीच्या घटकांचे पत्ते हलत नाहीत. किंवा सगळा मजकूर एका मोठ्या बफरमध्ये ठेवून व्ह्यूऐवजी जागा आणि लांबी साठवा, प्रत्येकी ३२ बिट्स. नोंद १६ ऐवजी ८ बाइट्सची होते आणि बफर कुठेही हलला तरी खरी राहते. मोठ्या डेटाला हा तिसरा मार्ग चांगला. रिझर्व्ह करून भागवणंही चालतं, पण तो आकडा उद्या कोणीतरी बदलणार हे गृहीत धरावं.

स्पॅन

स्पॅनचं घर जास्त नीट बांधलेलं आहे. व्हेक्टर, एसटीडी ॲरे, साधा ॲरे, तिघेही आपोआप स्पॅन होतात आणि लांबी बरोबर येते. साधा ॲरे फंक्शनला देताना पॉइंटर होऊन जातो आणि आत साइझऑफ ८ सांगतो, ही जुनी खोड इथे मोडते. एकच चकवा: ‘पुणे’ हे लिटरल कॅरॅक्टर स्पॅनला दिलं तर लांबी १३ येते, स्ट्रिंग व्ह्यूला दिलं तर १२. स्पॅन त्याच्याकडे ॲरे म्हणून बघतो आणि शेवटचा शून्य बाइटही मोजतो. सॉकेटवर मजकूर पाठवताना मागे एक भुताचा बाइट जातो तो इथून.

कॉन्स्ट कुठे लावायचा यात नवखे हमखास फसतात. कॉन्स्ट स्पॅन ऑफ इंट म्हणजे स्पॅन हलणार नाही, पण आतले आकडे खुशाल बदलता येतात. वाचायपुरता बफर हवा असेल तर कॉन्स्ट आत, घटकाच्या टाइपला. वाचणाऱ्या फंक्शनचा पॅरामीटर दर वेळी असाच लिहावा. याच उथळ-खोल कॉन्स्टच्या वादामुळे दोन स्पॅन बरोबर आहेत का हे ‘==’ ने विचारता येत नाही; रेंजेस::इक्वल वापरावं. टेम्प्लेट फंक्शनने ‘कॉन्स्ट टी’चा स्पॅन मागितला आणि त्याला व्हेक्टर दिला तर टी ओळखला जात नाही आणि कंपायलर पानभर ओरडतो, टाइप हाताने लिहून द्यावा.

पण खरी गोष्ट चौकटी कंसाची. स्पॅनचा चौकटी कंस मर्यादा तपासत नाही. तपासणारा ॲट() सी++२० मध्ये दिलाच नाही, तो सी++२६ मध्ये आला. फर्स्ट, लास्ट, सबस्पॅन हेही तपासत नाहीत. स्पॅन घेतला म्हणजे सुरक्षित झालो हा समज इथेच फुटतो.

२०१४ चा हार्टब्लीड हा सुरक्षेचा बग आठवा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला हार्टबीट संदेश: १ बाइट प्रकार, २ बाइट लांबी, मग मजकूर. लांबी पाठवणाऱ्याने सांगितलेली, आणि प्रत्यक्षात आलेल्या बाइट्सशी ती ताडली नव्हती. दोन बाइट्सच्या लांबीत जास्तीत जास्त ६४ केबी मावतात, तेवढी सर्व्हरची मेमरी एका विनंतीत बाहेर. हाच पार्सर स्पॅनने लिहू. ‘उरलेलं’ नावाचा एकच कॉन्स्ट बाइट्सचा स्पॅन ठेवायचा. आधी त्याची लांबी किमान ३ आहे का बघायचं. पहिला बाइट प्रकार. पुढचे दोन शिफ्ट करून जोडायचे, पहिला ८ बिट डावीकडे. त्या दोन बाइट्सवर १६-बिट पॉइंटर कास्ट करून वाचू नये: पत्ता विषम असू शकतो, एलायसिंगचा नियम (एका टाइपच्या मेमरीकडे दुसऱ्या टाइपने बघू नये) मोडतो आणि बाइट्सचा क्रमही उलटा निघतो. मग ३ बाइट्स सबस्पॅनने उडवायचे. आता सांगितलेली लांबी उरलेल्याच्या साइझपेक्षा मोठी असेल तर संदेश टाकून द्यायचा, नाहीतर फर्स्टने तेवढा तुकडा घ्यायचा.

ही मधली तुलना विसरली तर स्पॅनही हार्टब्लीडच करेल. फायदा इतकाच, आणि तो मोठा आहे, की तुलना कशाशी करायची ते समोर दिसतं. लांबी तीन फंक्शनं मागे राहून गेलेली नसते. तुलनेत ‘जागा अधिक लांबी’ अशी बेरीजही करावी लागत नाही, त्यामुळे ती ओव्हरफ्लो होऊन चुकीचं ‘हो’ म्हणण्याचा प्रश्न मिटतो.

लांबी टाइपमध्येच बांधलेला स्पॅनही असतो, जसा ४ बाइट्सचा. तो लांबी साठवत नाही, म्हणून फक्त ८ बाइट्सचा. कायम ३२ बाइट्सची की घेणाऱ्या फंक्शनला हा उत्तम, चुकीच्या मापाचा ॲरे दिला तर कंपाइलच होत नाही.

स्विचेस

तपासणी फुकटात मिळत नसली तरी स्विच आहे, आणि तो बंद ठेवायला आता सबब उरलेली नाही. जीसीसीत असर्शन्सचा मॅक्रो डिफाइन करा, किंवा जीसीसी १४ पासून हार्डन्ड हा फ्लॅग द्या, त्यात तो येतोच. लिबसी++ मध्ये एलएलव्हीएम १८ पासून हार्डनिंगच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालताना होणाऱ्या तपासणीच्या, पायऱ्या आहेत: फास्ट, एक्स्टेन्सिव्ह, डीबग. प्रॉडक्शनला फास्ट पुरतो. गूगलने आपल्या सर्व्हरच्या कोडवर हे हार्डनिंग लावलं तेव्हा सरासरी ०.३० टक्के कामगिरी गेली, असं त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केलं. स्पॅनचा चौकटी कंस, फर्स्ट, सबस्पॅन, व्ह्यूचा रिमूव्ह_प्रीफिक्स, सगळं यात तपासलं जातं आणि चूक सापडली की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. सी++२६ ने ही कल्पना स्टँडर्डमध्येच घेतली आहे.

हे सगळं मर्यादेसाठी. आयुष्यासाठी, म्हणजे मालक जिवंत आहे का यासाठी, हार्डनिंगचा काडीचा उपयोग नाही. तिथे ॲड्रेस सॅनिटायझर, आणि प्रोग्रॅम साधारण दुप्पट वेळ घेतो म्हणून तो फक्त टेस्टच्या बिल्डमध्ये. व्ह्यू परत देणाऱ्या फंक्शनच्या पॅरामीटरला क्लँगचं लाइफटाइमबाउंड हे लेबल लावून ठेवावं. कोणी तात्पुरती स्ट्रिंग दिली तर इशारा येतो. गेटलाइनसारखा प्रकार, बफर तोच राहतो तोवर, यातलं काहीच पकडत नाही. रस्ट या भाषेत तो कंपाइलच झाला नसता, आणि सी++ वाल्यांनी हे मोकळेपणाने कबूल करावं.

थ्रेडला किंवा कोरुटीनला (मध्येच थांबून नंतर पुढे चालणाऱ्या फंक्शनला) व्ह्यू देणं वेगळ्याच पातळीचं धाडस. कोरुटीन आपल्या फ्रेममध्ये पॅरामीटर कॉपी करतं, पण व्ह्यूची कॉपी म्हणजे फक्त पत्त्याची कॉपी. पहिल्या सस्पेंडनंतर कॉलरची स्ट्रिंग निघून गेलेली असू शकते. साध्या फंक्शनसाठी ‘पॅरामीटरमध्ये बिनधास्त’ हा नियम, कोरुटीनसाठी बरोबर उलटा: तिथे स्ट्रिंग व्हॅल्यूनेच घ्या.

मॅपमध्ये शोधताना अजून एक ठेच लागते. की स्ट्रिंग असलेल्या मॅपला व्ह्यू देऊन फाइंड केलं तर कंपाइल होत नाही. साध्या मॅपला तुलनेचा प्रकार लेस, कोनी कंस रिकामा, असा दिला की काम होतं, सी++१४ पासून. अनऑर्डर्ड मॅपला सी++२० आणि स्वतः लिहिलेला पारदर्शक हॅश लागतो, पाच-सहा ओळींचा. नाहीतर प्रत्येक शोधासाठी स्ट्रिंग बनवावी लागते आणि व्ह्यू घेऊन वाचवलेलं सगळं तिथे खर्ची पडतं.

विंडोजवर ६४-बिटमध्ये ८ बाइट्सहून मोठा स्ट्रक्ट रजिस्टरमधून जात नाही, पत्त्याने जातो. लिनक्सवर १६ बाइट्सचा व्ह्यू दोन रजिस्टरांत बसून जातो. अगदी आतल्या, इनलाइन न होणाऱ्या फंक्शनात विंडोजवर पॉइंटर आणि लांबी वेगळे दिलेले किंचित वेगवान निघू शकतात. मोजल्याशिवाय त्यापायी कोड विद्रूप करू नये. मॅट्रिक्स, इमेज असलं दोन-तीन मितींचं काम असेल तर सी++२३ चा एमडीस्पॅन बघा. ओळीने की स्तंभाने मांडणी, हे तो टाइपमध्ये सांगतो. सी++१४ वर अडकलेल्यांना मायक्रोसॉफ्टच्या जीएसएल लायब्ररीतला स्पॅन आहे, आणि तो कुठलाही स्विच न लावता मर्यादा तपासतो.

जुन्या कोडमध्ये सुरुवात सर्वांत आतल्या फंक्शनांपासून करावी, जिथे पॉइंटर आणि लांबी जोडीने येतात. व्हेक्टर बाळगणाऱ्या कॉलरने डेटा() आणि साइझ() वेगळे देणं बंद करून थेट व्हेक्टर द्यायचा. कच्चा पॉइंटर असलेल्याने तिथल्या तिथे स्पॅन बांधायचा. स्रोत, त्याची लांबी, गंतव्य, त्याची लांबी अशी चार पॅरामीटर्स दोनवर येतात, आणि एका बफरच्या पॉइंटरशेजारी दुसऱ्याच बफरची लांबी बसवलेला जुना कॉल हे बदलतानाच डोळ्यांसमोर येतो.